शाळाप्रवेशाचे वय आणि बालमन

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही जुन्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, की जन्मतारखेच्या रकान्यात एक तारीख पुन्हा पुन्हा भेटते. ती म्हणजे १ जून. इतकी मुले एकाच दिवशी जन्मली होती, असा त्याचा अर्थ नव्हे. घरी जन्माची नोंद नसे. आई सांगे, मोठा पूर आला त्या वर्षीचा, किंवा दिवाळीच्या आगेमागे झालेला. मग गुरुजी शाळा उघडण्याचा दिवस डोळ्यांपुढे ठेवून वयाची अट पुरी होईल अशी तारीख लावून टाकीत. आजच्या या सभेतील ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांपैकी काहींच्या दाखल्यावर, पुढे नोकरीच्या कागदांवर आणि निवृत्तीच्या आदेशावरही गुरुजींनी दिलेला तोच वाढदिवस कायम राहिला असेल.

काही गावांत याहून साधी कसोटी होती. मुलाने उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरावा. हात पोचला तर नाव घालायचे, नाही पोचला तर पुढच्या वर्षी या म्हणायचे. आज या रीतीचे हसू येते. पण तिच्यात एक शहाणपण होते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे व हात आखूड असतात. सहाव्या-सातव्या वर्षाच्या सुमारास हे प्रमाण बदलते आणि हात कानापर्यंत पोचतो. म्हणजे ती कसोटी मुलाची वाढ पाहत होती. आजचा प्रवेशअर्ज फक्त तारीख पाहतो.

शाळेत कधी घालावे, हा प्रश्न बहुतेक घरांत अभ्यासाचा प्रश्न म्हणून विचारला जातो. मूल मागे पडेल का, एक वर्ष वाया जाईल का, स्पर्धा परीक्षेला वय कमी पडेल का, अशी चर्चा होते. या व्याख्यानाचा विषय त्याहून थोडा वेगळा आहे. शाळेत पाऊल टाकतानाचे वय मुलाच्या मनाच्या स्वास्थ्यावर काय परिणाम करते, आणि तो परिणाम कोणाच्या हाती असतो, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहणे उपयोगी ठरेल. सक्तीच्या शिक्षणाचा भारतातील पहिला मोठा प्रयोग बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. त्या सक्तीचा आरंभ वयाच्या सातव्या वर्षापासून होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा विचार होता. ते विधेयक संमत झाले नाही. पण सहा हा आकडा टिकून राहिला. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा या वयातील शिक्षण हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही अनेक राज्यांत पाच वर्षे पुरी झालेली मुले पहिलीत बसत राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला, त्यातील शेवटच्या दोन वर्षांत पहिली व दुसरी ठेवली, आणि २०२३ मध्ये केंद्र सरकारने सर्व राज्यांना पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हीच अट ठेवण्यास पुन्हा सांगितले. नवा वाटणारा हा नियम वस्तुतः जुन्याच विचाराकडे परत जाणारा आहे.

आता मुलाकडे पाहू या. महाराष्ट्रात २०२१-२२ पासून वय मोजण्याची तारीख ३१ डिसेंबर धरली जाते. त्यामुळे जून २०२५ मध्ये पहिलीत बसलेल्या एका वर्गात १ जानेवारी २०१९ ला जन्मलेली मुलगी आणि ३१ डिसेंबर २०१९ ला जन्मलेला मुलगा एकाच बाकावर बसू शकतात. ती सहा वर्षे पाच महिन्यांची, तो पाच वर्षे पाच महिन्यांचा. दोघांची पाटी एक, पुस्तक एक, शिक्षिका एक आणि अपेक्षाही एक. चाळिशीतल्या दोन माणसांत एका वर्षाचे अंतर कोणाच्या लक्षातही येत नाही. पण साडेपाच वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ते एक वर्ष म्हणजे त्याच्या आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा असतो. एवढ्या काळात बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ येते, नाडी बांधता येते, पाळी येईपर्यंत थांबता येते, रडू आवरता येते, आणि 'बाई, मला समजले नाही' असे सांगण्याचा धीर येतो.

यांतील अखेरच्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या. लहान मूल अक्षर ओळखण्यात मागे राहिले तर तो उणेपणा वर्ष-दोन वर्षांत भरून निघतो. परंतु रोज चार तास आपण इतरांपेक्षा उशिरा पुरे करतो, आपलीच रेघ वाकडी जाते, खेळात आपल्याला शेवटी घेतात, हे अनुभवताना ते मूल स्वतःविषयी एक मत बनवीत असते. आपण लहान आहोत म्हणून असे होते, हे त्याला कळत नाही. आपल्याला येत नाही, एवढेच कळते. शिक्षकाच्या तोंडून सहज गेलेला 'मंद' किंवा 'वांड' हा शब्द त्या मतावर शिक्का उमटवतो. प्रश्न अकरा-बारा महिन्यांचा होता. उत्तर मात्र स्वभावाच्या नावाखाली लिहिले जाते.

हे केवळ अनुमान नाही. ब्रिटनमध्ये पाच ते पंधरा वयाच्या दहा हजारांहून अधिक मुलांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. वर्गातील वयाने सर्वांत लहान असलेल्या एक तृतीयांश मुलांत मानसिक व भावनिक तक्रारींचा धोका अधिक आढळला. त्या अभ्यासातील बोलकी गोष्ट अशी, की इंग्लंडमध्ये वर्गाची वयोमर्यादा ऑगस्टअखेर तुटते, तर स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारीअखेर. तरीही दोन्हीकडे आपापल्या वर्गातील लहान मुलेच अधिक त्रासात होती. म्हणजे जन्माच्या महिन्याचा किंवा ऋतूचा हा प्रभाव नव्हता. वर्गातील स्थानाचा होता.

अमेरिकेतील सुमारे चार लाख मुलांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने दिलेले आकडे याच दिशेचे आहेत. ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही प्रवेशाची सीमारेषा आहे, तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान ठरलेल्या, दर दहा हजार मुलांपैकी ८५ जणांना अवधान-न्यूनता व अतिचंचलतेचे, ज्याला एडीएचडी म्हणतात त्याचे, निदान झाले होते. सप्टेंबरमध्ये जन्मून वर्गात सर्वांत मोठ्या ठरलेल्या मुलांत हे प्रमाण दहा हजारी ६४ च्या आसपास होते. आजार जन्ममहिना पाहून येत नाही. तेव्हा यातील काही मुलांचे लहानपण हेच त्यांचे दुखणे समजले गेले, असे म्हणणे भाग पडते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील २०१२ च्या अभ्यासातही डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांत हे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा ३० टक्क्यांनी, तर मुलींत ७० टक्क्यांनी अधिक आढळले होते.

डेन्मार्कमधील अभ्यास अधिक थेट प्रश्न विचारणारा आहे. तेथे मूल ज्या वर्षी सहा वर्षांचे होते, त्या वर्षी शाळेत जाते. टॉमस डी आणि हान्स हेन्रिक सिव्हर्टसेन या दोन संशोधकांनी सीमारेषेच्या अलीकडे व पलीकडे जन्मलेल्या मुलांची तुलना केली. एक वर्ष उशिरा शाळेत गेलेल्या मुलांत सातव्या वर्षी अवधान न टिकणे व अतिचंचलता बरीच कमी दिसली, आणि हा फरक अकराव्या वर्षापर्यंत टिकून होता. स्वतःला आवरणे, लक्ष एका जागी धरणे, ही ज्ञानार्जनाच्या आधीची शिदोरी आहे. ती खेळातून बांधली जाते, आणि तिला वेळ लागतो.

येथवर ऐकून कोणा पालकाच्या मनात साहजिकच येईल, की मग मुलाला एक वर्ष घरीच ठेवावे. या निष्कर्षावर येण्यापूर्वी तीन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात.

पहिली गोष्ट, हे सारे सरासरीचे आकडे आहेत. एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांतील अंतर पुष्कळदा जानेवारी-डिसेंबरच्या अंतरापेक्षा मोठे असते. वर्गात सर्वांत लहान असूनही आनंदात वाढलेली मुले प्रत्येक शाळेत आहेत. या सभागृहातही असतील. शिवाय काळ पुष्कळ काही भरून काढतो. नॉर्वेतील मोठ्या प्रमाणावरील एका अभ्यासात उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलग्यांचे अठराव्या वर्षीचे मानसिक स्वास्थ्य काहीसे बरे आढळले. पण कमाईतील फरक तिशीच्या सुमारास पुसला गेलेला होता. लहान वयात शाळेत गेले म्हणून कोणाचे आयुष्य बिघडत नाही. बिघडू शकते ते बालपणातील चार-सहा वर्षांचे सुख. तेही कमी मोलाचे नाही.

दुसरी गोष्ट, राहिलेले वर्ष कोठे जाते यावर सारे अवलंबून आहे. डेन्मार्कचे मूल शाळेत नसते तेव्हा चांगल्या बालोद्यानात असते. तेथे चिखल असतो, झाडे असतात, सवंगडी असतात. भारतात ते वर्ष अनेक मुलांच्या वाट्याला दोन टोकांनी येते. एका टोकाला मजूर आईवडिलांचे मूल, ज्याला शाळा म्हणजे दुपारचे जेवण, सुरक्षित छप्पर आणि बोलणारे माणूस. त्याला एक वर्ष थांबवणे ही त्याची हानी आहे. दुसऱ्या टोकाला अडीच वर्षांपासून वही-पेन्सिल हाती आलेले शहरातले मूल, ज्याचे पहिलीपूर्वीचे प्रत्येक वर्ष हे पहिलीच असते. गुजरातमध्ये १ जूनला सहा वर्षे पूर्ण ही अट आल्यावर काही पालक उच्च न्यायालयात गेले. मुले तीन वर्षे पूर्वप्राथमिक शाळेत गेलेली आहेत, म्हणून ती तयार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले नाही. तीन वर्षे पुरी होण्यापूर्वीच मुलाला बालवर्गात बसवणे हेच मुळात नियमाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने सुनावले. इतकी लवकर सुरुवात, की पुढे थांबणेच कठीण व्हावे, अशी ही कोंडी आहे.

ती आजची नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ च्या आपल्या अहवालात बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्या व मुलाखती बंद कराव्यात आणि कोवळ्या मुलांवर लेखन-वाचन-गणिताचा भडिमार होऊ देऊ नये, असे स्पष्ट सुचवले होते. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर उघडले. तेथे त्यांच्यासह काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी बालवाडी सुरू केली, आणि अनुताई वाघ यांनी ते काम कोसबाडच्या टेकडीवर आयुष्यभर चालवले. दगड, पाने, बिया, गाणी आणि गोष्टी हे त्यांचे शिक्षणसाहित्य होते. मराठी आणि गुजराती बालशिक्षणाचा हा सामाईक वारसा आहे. थांबलेले वर्ष अशा जागी गेले तर ते वाया जात नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी, पण नियमांच्या चर्चेत हमखास निसटणारी. प्रवेशाचे वय सहा करा की सात, प्रत्येक वर्गात कोणीतरी सर्वांत लहान असणारच. नियम रेषा सरकवतो. रेषेच्या कडेला उभे असलेले मूल नाहीसे करू शकत नाही. ऐपत असलेले पालक आपल्या मुलाला एक वर्ष थांबवून वर्गात मोठे करून बसवतात, तेव्हा ज्यांना थांबणे परवडत नाही त्यांची मुले आपोआप आणखी लहान ठरतात. एकाच्या मुलासाठी घेतलेली सवलत दुसऱ्याच्या मुलाच्या खांद्यावर पडते. सहा वर्षांचा नियम योग्यच आहे, आणि तो सर्वांसाठी सारखा पाळला जाणेही योग्य आहे. पण नियम पाळला की काम संपले, असे मानता येणार नाही. खरे काम वर्गात सुरू होते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला हे काम इतरांपेक्षा अधिक जाणवते. रेल्वे, बँका, सैन्यदल, कारखाने यांच्या बदल्यांबरोबर मुले राज्ये ओलांडतात, आणि राज्यागणिक रेषा वेगळी असते. १५ नोव्हेंबर २०१९ ला जन्मलेले मूल नागपुरात राहिले तर जून २०२५ मध्ये पहिलीत जाते. वडोदऱ्यात राहिले तर जून २०२६ मध्ये. वडिलांची बदली झाली, की तेच मूल कधी आपल्या वर्गात सर्वांत लहान ठरते, तर कधी त्याला एक इयत्ता पुन्हा करावी लागते. कर्नाटकात सहा वर्षांचा नियम २०२५-२६ साठी ठरला होता. पालकांच्या आग्रहामुळे त्या वर्षापुरता तो पाच वर्षे पाच महिन्यांवर आणावा लागला. या साऱ्या अदलाबदलीत वय, भाषा आणि गाव तिन्ही एकदम बदललेले मूल वर्गात येऊन बसते. रस्त्यावरची भाषा एक, घरातली दुसरी, आणि पुस्तकातली मराठी घरच्या मराठीहूनही निराळी. असे मूल गप्प असेल तर त्याची कारणे त्याच्या बुद्धीत शोधण्याची घाई होऊ नये.

मग काय करता येईल? यासाठी मोठा खर्च किंवा नवा विभाग लागत नाही. पहिली व दुसरीच्या हजेरीपत्रकात प्रत्येक नावापुढे शाळा उघडण्याच्या दिवशीचे वय वर्षे आणि महिने असे लिहून ठेवावे. हा एक रकाना शिक्षकाची नजर बदलू शकतो. 'हा लिहीत नाही' या वाक्याआधी 'हा पाच वर्षे सात महिन्यांचा आहे' हे वाक्य मनात आले, की पुढचा सूर वेगळा निघतो. पहिल्या दोन इयत्तांत क्रमांक काढू नयेत, आणि प्रगतिपुस्तकात मुलाची तुलना त्याच्याच मागील सत्राशी करावी. लंगडी असो की खो-खो, दोन्ही संघांत लहान-मोठी मुले वाटून घ्यावीत आणि संघ निवडण्याचे काम मुलांवर सोडू नये, म्हणजे कोणी रोज शेवटी उरणार नाही. एखाद्या मुलाला चंचल म्हणून तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार आला, तर पाठवावे अवश्य. पण चिठ्ठीत त्याचा जन्ममहिना आणि वर्गातील वयाचे स्थान लिहावे. ज्याला खरोखर उपचाराची गरज आहे त्याला त्यामुळे विलंब होणार नाही, आणि ज्याला केवळ काळाची गरज आहे त्याच्यावर नाव चिकटणार नाही. पहिलीच्या आरंभीचे तीन महिने खेळातून शाळेची तयारी करण्यासाठी आखलेला 'विद्याप्रवेश' हा कार्यक्रम २०२१ पासून उपलब्ध आहे. तो उरकण्याचा कार्यक्रम न होता वर्गाचा आरंभ व्हावा.

घरीही तितकेच सोपे काही करता येते. शेजारच्या मुलाशी तुलना करण्याचा मोह झाला, की आधी त्याचा जन्ममहिना विचारावा. मुलाला सांगावे, की तू वर्गात लहान आहेस, म्हणून काही गोष्टी तुला थोड्या उशिरा येतील, आणि त्या येतीलच. मुलांना खरे कारण कळले, की ती स्वतःला दोष देणे सोडतात. शाळेतून आल्यावर 'आज काय शिकवले?' याच्या आधी 'आज कोणाबरोबर खेळलास?' हे विचारावे. त्याच्या उत्तरातून मुलाचे मन प्रगतिपुस्तकापेक्षा लवकर कळते. आणि प्रवेशाच्या वेळी जन्मतारखेची ओढाताण करू नये. पूर्वी नोंद नव्हती म्हणून गुरुजी तारीख ठरवीत. आज नोंद असताना ती मागेपुढे करणे म्हणजे मुलाच्या वाट्याचे काही महिने काढून घेणे होय.

माजी विद्यार्थ्यांकडेही या बाबतीत एक ठेवा आहे. वर्गात सर्वांत लहान असणे म्हणजे काय, हे त्यांच्यापैकी अनेकांनी भोगले आहे, आणि कोणा बाईंनी किंवा सरांनी पाठीवर ठेवलेल्या हातामुळे ते निभावलेही आहे. ती आठवण त्यांनी आजच्या पालकांना सांगितली, तर एखाद्या आईची काळजी आकड्यांपेक्षा त्याने अधिक हलकी होईल.

साठ वर्षांत या शाळेच्या पटावर हजारो नावे चढली. प्रत्येक वर्षी त्यांत एक नाव वयाने सर्वांत लहान होते. येत्या जूनमध्येही तसे एक मूल पहिलीच्या दारात येईल. त्याचे नाव आज कोणालाच ठाऊक नाही. पण ते येणार हे नक्की आहे. पहिल्या दिवशी त्याचे वय महिन्यांसह लिहून घेतले जावे, आणि त्याला वर्गात पुरेसा वेळ मिळावा, एवढीच अपेक्षा.